गोधडीचे थर

जुन्या कापडाचे थर एकावर एक अंथरून ते हातटाक्यांनी एकजीव केले की गोधडी होते. चारपदरी असली तर ती चौघडी, तान्ह्या बाळासाठी मऊ आणि लहान केली तर दुपटे, आणि जाडजूड, ठिगळांनी भरलेली ती वाकळ. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात आणि एकूणच वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून इथे तिला ‘वाकय’ म्हणतात. नाशिक जिल्ह्यातले मालेगाव यंत्रमागांचे. हे मालेगाव कापूस, तूर आणि सोयाबीन पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचे. तरीही इथल्या जुन्या घरांतल्या घडवंचीवर रचलेल्या गोधड्यांमध्ये वऱ्हाडातल्या कापडाचा जो इतिहास साठला आहे, तो दुसरीकडे कुठे शोधून मिळायचा नाही. या गोधड्या आता भराभर नाहीशा होत आहेत. नव्या घरात ब्लँकेट येते आणि वाकळ गोठ्यात, ट्रॅक्टरच्या सीटवर किंवा उकिरड्यावर जाते. ज्या घरात ती आठवण म्हणून जपली जाते, तिथेही जपण्याच्या चुकीच्या पद्धतीने ती खराब होते.

कापड टिकत नाही, ही त्याच्या इतिहासाची पहिली अडचण आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. या शाखेतल्या हरिषेण राजाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेतले. अजिंठ्याच्या भिंतींवर पट्ट्यापट्ट्यांची, नक्षीची, अंग दिसेल इतकी तलम वस्त्रे रंगवलेली आहेत. वस्त्रे गेली, त्यांची चित्रे राहिली. याच्याही कितीतरी आधीचा पुरावा अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या नेवाशाचा. १९५४ ते १९५६ या काळात तिथे ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन झाले. ताम्रपाषाण काळातल्या एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली आणि मण्यांच्या आत कापूस व रेशीम यांच्या दोऱ्याचे अवशेष मिळाले. तीन हजार वर्षांहून जुना दोरा टिकला तो तांब्यामुळे. गंजणाऱ्या तांब्याचे क्षार दोऱ्यात मुरले आणि ते क्षार कापड खाणाऱ्या सूक्ष्मजीवांना मारक ठरले. असा योगायोग एरवी घडत नाही. आपल्या हवेत उघड्यावर राहिलेले सुती कापड शंभर वर्षे टिकले तरी खूप झाले.

गोधडीत मात्र कापड आपोआप सुरक्षित राहते, कारण आतल्या थरांना उजेड लागत नाही. वरचा थर फाटला की त्यावर ठिगळ किंवा नवे लुगडे पडते आणि जुना थर आत जातो. म्हणून साठ-सत्तर वर्षांच्या गोधडीची एक कड उसवलेली असली, तर तिथे भिंग लावून पाहण्यासारखे पुष्कळ असते. सगळ्यात वर परवा-परवाची सिंथेटिक साडी, तिच्याखाली विटलेले छापील पातळ, त्याखाली हातमागाचे नऊवारी लुगडे, आणि मधोमध अस्तरासारखे पसरलेले, धुऊन धुऊन जाळीदार झालेले धोतर. लुगड्याच्या मध्यावर अनेकदा आडवी शिवण सापडते. तिला दंड म्हणतात. नेसून नेसून लुगडे मध्ये विरले की तो भाग कापून टाकायचा आणि दोन्ही बाजूंचे धड तुकडे जोडून ते पुन्हा नेसायचे, ही दंड घालण्याची रीत होती. दंड घातलेले लुगडेही विरले की मग ते गोधडीत जायचे. जे जरा बरे असे ते बोहारीण भांड्यांच्या बदल्यात घेऊन जाई. तिनेही नाकारलेले कापड घरात उरे. गोधडीतला प्रत्येक तुकडा असा दोन-तीन आयुष्ये जगून आलेला असतो.

थरांचा काळ ओळखायला रंगांची मदत होते. वऱ्हाड आणि मध्य प्रांतात एके काळी आल नावाच्या झाडाची लागवड होत असे. त्याच्या मुळांच्या सालीपासून पक्का लाल रंग निघे आणि त्या रंगातले जाडेभरडे कापड म्हणजे खारवा. हिशेबाच्या वह्यांची बांधणी त्यात होई, गोधड्या-गाद्यांची अस्तरेही होत. १८६८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ॲलिझरिन हा मंजिष्ठेतला लाल रंग प्रयोगशाळेत तयार केला आणि पुढच्या काही दशकांत वनस्पतींचे लाल रंग बाजारातून हटले, आलीची शेतीही संपली. निळीचेही तेच झाले. १८९७ पासून कारखान्यातली नीळ विकली जाऊ लागली. कापसाची गोष्ट त्याहून मोठी. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवासा झाला. तो कापूस बोटीतून जाई आणि त्याच बोटींच्या वाटेने गिरणीचे कापड परत येई. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. धोतराच्या किंवा मांजरपाटाच्या ठाणाच्या टोकाला गिरणीचा शिक्का मारलेला असे. काटकसरी हाताने ते टोकही गोधडीत घातलेले असते, त्यामुळे उसवलेल्या कडेतून कधी अर्धवट पुसलेली निळी अक्षरे डोकावतात. अशी अक्षरे दिसली तर ती धुण्याआधी छायाचित्र घेऊन ठेवावे, कारण शिक्क्याची शाई पक्की असेलच असे नाही.

कापूस हा सेल्युलोज नावाच्या लांबलचक साखळ्यांचा बनलेला असतो. या साखळ्या तुटत गेल्या की धागा कमजोर होतो, आधी ताठर आणि मग ठिसूळ होतो. साखळी तोडणाऱ्या गोष्टी प्रामुख्याने तीन: प्रकाश, आम्ल आणि ओल. घामात आम्ल असते, वर्तमानपत्राच्या कागदात असते, नव्या लाकडी कपाटाच्या वाफेत असते. म्हणून पांघरूण म्हणून वापरलेली गोधडी जिथे तोंडाशी आणि गळ्याशी येते, ती कड आधी जाते. काही रंग तर कापडाला आतून खातात. काळा आणि गडद तपकिरी रंग आणण्यासाठी जुन्या छपाईत लोखंडाचे क्षार आणि हिरड्यासारखे तुरट द्रव्य वापरत. लोखंड हळूहळू कापसाला जाळते. जुन्या छिटाच्या तुकड्यात लाल फुले शाबूत असतात, पिवळी पाने शाबूत असतात आणि फुलांभोवतीची काळी रेघ तेवढी गळून पडलेली असते, जणू कुणी ब्लेडने कोरून काढली आहे. तिथे कीड शोधण्यात अर्थ नसतो. ही झीज थांबवता येत नाही. ओल आणि उजेड दूर ठेवून ती मंद करता येते एवढेच.

किडीचा प्रश्न वेगळा. मराठीत ‘कसर लागणे’ हा शब्दप्रयोग ज्या किड्यावरून आला, तो चंदेरी, माशाच्या आकाराचा, उजेड दिसताच पळणारा कसर नावाचा किडा. त्याला कापसापेक्षा कापडावरची खळ आणि कांजी प्रिय असते. लोकर आणि रेशीम खाणाऱ्या पतंगांच्या अळ्या आणि केसाळ भुंगेऱ्यांच्या अळ्या निराळ्या. त्यांचे लक्ष्य पैठणी, शाल आणि घोंगडी. उंदीर तर गोधडीचा कापूस घरट्यासाठीच नेतो. जपून ठेवायचे कापड खळ देऊन ठेवू नये, हा यावरचा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय. वेखंडाचे तुकडे आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवण्याची रीत चांगली आहे. पुरचुंडी कापडाला थेट टेकू नये आणि दर पावसाळ्यानंतर बदलावी, कारण जुना पाला स्वतःच किड्यांचे अन्न होतो. डांबराच्या गोळ्या टाळाव्यात. त्यांची वाफ माणसांना बाधते आणि वास वर्षानुवर्षे जात नाही.

वऱ्हाडात चैत्र-वैशाखात गोधड्या उन्हात घालतात. या सवयीत शहाणपण आहे आणि धोकाही आहे. उन्हाने ओल जाते आणि कीड मरते हे खरे, पण भर दुपारच्या उन्हाचा प्रकाश एक लाख लक्सच्या घरात जातो. संग्रहालयांत जुन्या कापडावर साधारण ५० लक्सच प्रकाश पडू देतात. हिशेब मांडला तर अंगणातले एक तासाचे ऊन म्हणजे संग्रहालयातल्या रोज आठ तासांच्या उजेडाचे २५० दिवस, आणि उन्हातली अतिनील किरणे त्याहून वेगळी. प्रकाशाची झीज साचत जाते, ती भरून येत नाही. संवर्धनशास्त्राने यावर एक वाट काढली आहे, ती इथल्या उन्हाळ्याला फार सोयीची आहे. पूर्ण कोरडी गोधडी आधी धुतलेल्या सुती चादरीत गुंडाळायची, मग काळ्या प्लॅस्टिकमध्ये बंद करून काही तास उन्हात ठेवायची. आतले तापमान ५५ अंशांच्या आसपास गेले की किडे, अळ्या आणि अंडी मरतात आणि कापडावर प्रकाशाचा एक किरणही पडत नाही. नंतर सावलीत थंड होऊ देऊन प्लॅस्टिक काढून टाकायचे. कुंची, दुपटे अशा लहान वस्तूंसाठी उलटा मार्ग आहे: हवा काढलेल्या पिशवीत बंद करून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवणे, आणि बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी न उघडणे. लगेच उघडली तर थंड कापडावर दव धरते.

सगळ्यात जास्त नुकसान धुण्याने होते. आजीची गोधडी माळ्यावरून निघाली की पहिला विचार येतो तो ती भिजत घालण्याचा. पाण्यात पडताच पाच-सहा थरांच्या गोधडीचे वजन कित्येक पटींनी वाढते आणि उचलताना ती स्वतःच्या भारानेच फाटते. आतल्या थरातला कच्चा रंग बाहेरच्या थरावर उतरतो. बोअरच्या पाण्यातले क्षार धाग्यात बसतात, धुण्याच्या पावडरीतली चमक आणणारी रसायने जुन्या पांढऱ्याला निळसर करून सोडतात, आणि मोगरीचा मार तर विरलेल्या धोतराला सोसवतच नाही. म्हणून आधी झाडणे, तेही झाडूने नव्हे. गोधडीवर बारीक नायलॉनची जाळी अंथरायची, व्हॅक्यूम क्लीनर सगळ्यात कमी जोरावर ठेवायचा आणि जाळीवरून संथपणे फिरवायचा. व्हॅक्यूम नसेल तर मऊ ब्रशने एकाच दिशेने धूळ सरकवायची. धूळ ही बारीक दगडाची पूडच असते; ती धाग्यात राहिली की प्रत्येक घडीला कापड कापते. चुलीच्या काजळीचे कण त्याहून चिकट. तेवढ्यावरच बहुतेक गोधड्या पुरेशा स्वच्छ होतात.

धुणे टाळताच येत नसेल, तर प्रत्येक रंगाची परीक्षा घ्यावी लागते. कोपऱ्यातल्या रंगावर पाण्याचा एक थेंब टाकून पांढरा टिपकागद दाबून धरायचा. कागदावर रंग उमटला तर धुण्याचा विचार सोडून द्यायचा. मग साबणाच्या द्रावणाच्या थेंबाने हीच परीक्षा. प्रयोगशाळेत क्षारविरहित पाणी आणि सौम्य, ना आम्ल ना अल्कली असलेले स्वच्छक वापरतात, कापड जाळीवर ठेवूनच पाण्यात सोडतात आणि जाळीसकट उचलतात. पिळत नाहीत, दोरीवर टांगत नाहीत. सपाट पसरून सावलीत सुकवतात. बाळाच्या कुंचीवर तेल-हळदीचे डाग असतात. ते काढण्यासाठी ब्लीच वापरणे म्हणजे डागासोबत कुंचीही घालवणे. शिवाय तो डाग कुणाच्या तरी न्हाऊमाखूचा पुरावा आहे, तो तिथे असण्यात काहीच गैर नाही.

दुरुस्तीच्या बाबतीत घरगुती सवय आणि संवर्धकाची पद्धत यांत मोठे अंतर आहे. घरात फाटले की मजबूत दोऱ्याने घट्ट टीप घालतात. संवर्धक उलट करतो: त्याचा दोरा जुन्या कापडापेक्षा कमजोर असतो. ताण आला तर दोरा तुटावा, कापड फाटू नये, हा त्यामागचा विचार. आजचा पॉलिएस्टरचा दोरा विरलेल्या सुतात सुरीसारखा चालतो. फाटलेल्या जागेखाली जुळत्या रंगात रंगवलेला सुती तुकडा सरकवतात आणि सैल धागे त्यावर समांतर लांब टाक्यांनी बसवतात. या टाक्यांना आडवे बारीक टाके देऊन जागेवर धरतात. वरचा थर अगदीच खिळखिळा असेल तर त्यावर रेशमाची किंवा नायलॉनची जवळजवळ अदृश्य जाळी घालतात. सुई बारीक आणि वाकडी, शस्त्रक्रियेत असते तशी. डिंक, फेव्हिकॉल, इस्त्रीने चिकटणारी पट्टी यांना इथे जागा नाही. केलेले प्रत्येक काम पुढच्या माणसाला कापड न दुखवता उलगडता आले पाहिजे.

इथे गोधडीपुरता एक वेगळाच प्रश्न उभा राहतो, आणि या विषयातला कळीचा मुद्दा तोच आहे. पैठणीवर कुणी पुढे नायलॉनचे ठिगळ लावले असेल तर संवर्धक ते बहुधा काढेल, कारण पैठणीचे मूळ रूप ठरलेले असते. गोधडीला असे मूळ रूप नसते. ती जन्मापासूनच दुरुस्ती आहे. सासूने घातलेल्या बारीक, सरळ टाक्यांवर सुनेचे लांब, तिरपे टाके येतात. पुढे शाळकरी नातीने लाल दोऱ्याने शिवलेला कोपरा येतो. त्यातले ‘खरे’ कुठले आणि ‘नंतरचे’ कुठले हे ठरवून नंतरचे उसवणे म्हणजे घरातल्या दोन बायकांचा हात पुसून टाकणे. जपानमध्ये शेतकरी आणि कोळ्यांचे थरावर थर लावून जोडलेले कपडे ‘बोरो’ या नावाने जपले जातात, ते त्यांच्या ठिगळांसकट. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी शेतातल्या कामाच्या जुन्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कमध्ये मांडल्या गेल्या. त्यांतल्या गुडघ्यावर झिजलेल्या पँटींचे गडद-फिके पट्टे हेच लोक थांबून पाहत होते. वऱ्हाडातली वाकळ या पंक्तीत बसण्याच्या योग्यतेची आहे. म्हणून तिच्या बाबतीत नियम असा: ठिगळ काढायचे नाही. जिथे एखादे ठिगळ शेजारच्या कापडाला ओढून फाडत असेल, तिथे त्याचे टाके सैल करायचे, तेही छायाचित्र घेऊन.

याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका वस्त्रपरंपरेला निराळी काळजी लागते. बंजारा समाजाची मोठी वस्ती वाशीम जिल्ह्यात आहे आणि मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे त्यांचे तीर्थस्थान. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तिथे बंजारा विरासत नंगारा संग्रहालयाचे उद्घाटन झाले. तांड्यावरच्या स्त्रियांचा फेटिया (घागरा) आणि कांचळी (चोळी) यांवर आरसे, कवड्या, नाणी आणि दाट भरतकाम असते. आरशांची धार त्यांना धरून ठेवणारा दोरा कापत राहते. धातू ओलीने गंजून कापडावर हिरवे-तपकिरी डाग पाडतात. आणि हे सगळे इतके जड असते की फेटिया खुंटीला टांगला तर कमरेची शिवण थोड्याच वर्षांत सुटते. तो नेहमी सपाट ठेवावा, प्रत्येक घडीत मऊ सुती कापडाची वळकटी घालावी, आणि पाण्यात कधीही बुडवू नये.

लेखन असलेले कापड हा आणखी नाजूक प्रकार. त्याचे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे उदाहरण अंबाजोगाईचे. संतकवी दासोपंत (१५५१–१६१५) यांनी ‘पंचीकरण’ हा ग्रंथ जवळपास ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद पासोडीवर लिहिला. पासोडी म्हणजे जाड सुती पांघरूण, गोधडीचीच जवळची नातेवाईक. अशा कापडाची घडी करणे घातक, कारण घडीवर शाई तडकते आणि तिथलीच अक्षरे आधी जातात. ते जाड नळीवर, लिहिलेली बाजू बाहेर ठेवून, मध्ये मऊ कापड घालून गुंडाळतात.

गुंडाळणे गोधडीलाही चांगले. आम्लरहित पुठ्ठ्याच्या रुंद नळीवर धुतलेल्या मांजरपाटाचे दोन वेढे द्यावेत, त्यावर गोधडी सैल गुंडाळावी आणि वरून पुन्हा मांजरपाट. कोरा मांजरपाट आणल्यावर दोनदा धुऊन त्याची खळ पूर्ण काढणे आवश्यक. जागा नसेल आणि घडीच करावी लागली तर ती दर सहा महिन्यांनी वेगळ्या ठिकाणी मोडावी. पत्र्याची पेटी चालते, पण आतून मांजरपाटाचे अस्तर हवे आणि पेटी भिंतीपासून व जमिनीपासून थोडी उचललेली हवी. प्लॅस्टिकच्या पिशवीत कायम ठेवलेली गोधडी मात्र पहिल्या पावसाळ्यातच बुरशी धरते.

घराच्या हातून हे होण्यापलीकडे गेले असेल, तर जाणकाराकडे जावे. मुंबईतल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २००८ पासून कलावस्तू संवर्धन केंद्र आहे. लखनऊत १९७६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा आहे. वाशीमला त्यामानाने जवळचे मोठे संग्रहालय म्हणजे १८६३ मध्ये सुरू झालेले नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, लोकांच्या तोंडचा अजब बंगला.

एक काम मात्र घरातच होऊ शकते आणि ते दुसरा कुणी करू शकत नाही. गोधडीतले कुठले कापड कुणाचे हे सांगू शकणारी माणसे थोडी उरली आहेत. त्यांच्यासमोर गोधडी पसरावी, प्रत्येक तुकड्याचे जवळून छायाचित्र घ्यावे आणि विचारत जावे: हे लुगडे कुणाच्या लग्नातले, हे धोतर कुणाचे, टाके कुणी घातले, कुठल्या साली, कुठल्या लेकीला ती बाळंतपणात दिली होती, परत कधी आली. उत्तरे त्यांच्याच बोलीत लिहून घ्यावीत. मग धुतलेल्या मांजरपाटाची दोन बोटे रुंद पट्टी घ्यावी, तिच्यावर पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहावे आणि गोधडीच्या मागच्या कोपऱ्यात चार सैल टाक्यांनी ती जोडावी. बॉलपेनची शाई पसरते, टाचणी गंजते, म्हणून पेन्सिल आणि सुती दोरा.